सबवूफर घुमतो तो पेटीमुळे की खोलीमुळे?

विसर्जनाच्या दिवशी गिरगावात किंवा लालबागमध्ये घरात बसलेल्या माणसाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. पथक दोन गल्ल्या लांब असते तेव्हा फक्त ढोलाचा ठेका ऐकू येतो. ताशाची तडतड कानावर पडते ती पथक नाक्यावर वळल्यानंतरच. ढोल आणि ताशा एकाच रस्त्यावर, एकाच वेळी वाजत असतात, पण इमारती, भिंती आणि बंद खिडक्या ओलांडून आत शिरतो तो ढोलच. दर गणेशोत्सवात डीजेच्या भिंतींवरून जो वाद पेटतो त्याच्या मुळाशी हाच खालचा आवाज असतो, आणि दिवाळीच्या सवलतीत घेतलेले होम थिएटर सुरू झाले की तोच वाद लहान रूपात सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर येऊन ठेपतो.

आमच्याकडेही तो आला होता. दुकानातून आलेल्या जोडणी करणाऱ्या मुलाने सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारी वेगळी पेटी, टीव्हीच्या कोपऱ्यात सरकवला, मागची सगळी बटणे उजवीकडे फिरवली आणि दहा मिनिटांत तो निघून गेला. आठवड्याच्या आत खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, “अहो, घरात पिठाची गिरणी सुरू केलीत का?” गंमत अशी, की आमच्या स्वतःच्या हॉलमध्येही चित्रपटातले संवाद नीट कळत नव्हते, प्रत्येक वाक्यामागे कोणीतरी पिंप बडवत असल्यासारखे वाटे. पुढचे काही रविवार या पेटीशी झटापट केल्यावर माझे मत असे झाले, की या तक्रारीत पेटीचा किंवा तिच्या किमतीचा दोष थोडा असतो. बराचसा दोष खोलीचा आणि जुळवणीचा असतो, आणि तो जवळजवळ फुकटात दुरुस्त होतो.

खर्जासाठी वेगळी पेटी कशाला?

आवाज म्हणजे हवेचे कंपन. एका सेकंदात किती कंपने होतात ते हर्ट्झ या एककात मोजतात. कंपने कमी तितका आवाज खालचा. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ऐकू येते, आणि सबवूफरकडे त्यातला २० ते १२० हर्ट्झच्या आसपासचा तळाचा भाग असतो. तबल्याच्या जोडीत छोटा तबला आणि त्याच्या डावीकडचा रुंद डग्गा वेगळे का ठेवावे लागतात, तेच कारण इथेही लागू पडते. वारंवारता निम्मी झाली, की तेवढाच मोठा आवाज काढायला चौपट हवा ढकलावी लागते. चार इंची स्पीकरचा पडदा जीव तोडून हलला तरी ३० हर्ट्झला लागणारी हवा तो ढकलू शकत नाही. म्हणून मोठा पडदा, मोठी पेटी आणि तिच्यातच बसवलेला स्वतंत्र अँप्लिफायर.

खोक्यावर छापलेल्या ‘५.१’ मधला ‘.१’ म्हणजे हाच सबवूफर, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. ‘.१’ ही चित्रपटाच्या ध्वनिफितीतली एक स्वतंत्र वाहिनी आहे. तिला एलएफई म्हणतात, तिच्यात स्फोट, गडगडाट यांसारखे परिणाम भरलेले असतात आणि ती १२० हर्ट्झच्या वर जात नाही. सबवूफर ती वाहिनी वाजवतोच. शिवाय उरलेल्या पाच स्पीकरांना न झेपणारा खालचा भागही वाजवतो. नायकाच्या आवाजातला भारदस्तपणा आणि मृदंगाची डावी बाजू यातलेही काही त्याच्या वाट्याला येते. त्यामुळे जुळवणी चुकली, तर स्फोटांबरोबर संवादही बिघडतात.

८० हर्ट्झचे दादर स्टेशन

स्पीकरने कुठे थांबायचे आणि सबवूफरने कुठून पुढे न्यायचे त्या सांध्याला क्रॉसओव्हर म्हणतात. पश्चिम आणि मध्य रेल्वेचे प्रवासी दादरला गाडी बदलतात, तसा आवाज इथे पेटी बदलतो. मात्र सगळे प्रवासी एकाच डब्याच्या दारातून एकाच क्षणी उतरत नाहीत. सांध्याच्या वरखाली काही अंतर दोन्ही पेट्या एकत्र वाजत असतात, हे लक्षात ठेवावे, कारण पुढे फेजचा, म्हणजे दोन्ही पडदे एकाच वेळी पुढेमागे हलतात की नाही याचा, घोळ नेमका तिथेच होतो.

बहुतेक रिसीव्हरांमध्ये, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या मुख्य यंत्रांमध्ये, हा सांधा ८० हर्ट्झवर ठेवण्याची शिफारस असते. १९८३ मध्ये लुकासफिल्म कंपनीत टॉमलिन्सन होल्मन यांच्या कामातून टीएचएक्स हे मानक जन्माला आले, आणि घरगुती यंत्रणेसाठी याच मानकाने ८० हा आकडा रूढ केला. त्यामागे कानाची एक मर्यादा आहे. ८० हर्ट्झच्या एका तरंगाची लांबी सव्वाचार मीटरहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे चौदा फूट असते. एवढ्या लांब तरंगापुढे आपले डोके फारच लहान पडत असल्यामुळे आवाज कोणत्या दिशेने आला ते मेंदूला नीट ठरवता येत नाही. म्हणूनच पेटी सोफ्याच्या बाजूला ठेवली तरी गडगडाट पडद्यातूनच आल्यासारखा वाटतो. सांधा १५० हर्ट्झला नेला, तर पेटी कुठे ठेवली आहे ते डोळे मिटूनही सांगता येते.

इथे एक आक्षेप हमखास येतो. “माझे स्पीकर चांगले कमरेएवढे आहेत, मेनूमध्ये त्यांना ‘स्मॉल’ का म्हणायचे?” या शब्दाचा स्पीकरच्या उंचीशी संबंध नाही. ‘स्मॉल’ म्हणजे या स्पीकरने खर्जाचे काम सबवूफरकडे सोपवले, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक घरांमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ आणि सांधा ८० हीच मांडणी योग्य ठरते. तळहाताएवढे स्पीकर असतील तर १०० किंवा १२०. काही रिसीव्हरांत ‘एलएफई प्लस मेन’ किंवा ‘डबल बेस’ असा पर्याय असतो. त्यात तोच खर्ज स्पीकर आणि सबवूफर दोघेही वाजवतात आणि गोंगाट वाढतो. तो बंद ठेवावा.

वायर एक, चाळणीही एकच

जोडणी खरे तर सोपी आहे. रिसीव्हरच्या मागे ‘सबवूफर प्री-आउट’ असे लिहिलेले एक गोल, आरसीए जातीचे छिद्र असते. तिथून एक वायर सबवूफरच्या ‘एलएफई’ असे लिहिलेल्या छिद्रात जाते. तसे लिहिलेले नसेल, तर ‘लाइन इन’च्या डाव्या (‘L’) छिद्रात. लॅमिंग्टन रोडवर या वायरीसाठी दोनशेपासून काही हजारांपर्यंत कितीही पैसे मोजता येतात. आवरण नीट असलेली, घट्ट बसणारी आणि पुरेशी लांब वायर असली की काम होते. साउंडबारबरोबर येणारा सबवूफर बिनतारी असतो. त्याला फक्त विजेची पिन लागते, आणि पुढची बरीचशी बटणेही त्याला नसतात.

आमच्याकडची चूक होती ती सबवूफरच्या पाठीवरच्या क्रॉसओव्हरच्या बटणात. रिसीव्हरने आधीच ८० हर्ट्झच्या वरचा भाग गाळून टाकलेला असतो. तेच काम सबवूफरच्या बटणानेही ८० वर लावून केले, तर एकदा चाळलेले पीठ पुन्हा त्याच चाळणीतून चाळल्यासारखे होते: कोंडा तर आधीच गेलेला असतो, आता चांगले पीठही चाळणीत अडकते, आणि सांध्याजवळ आवाजात खड्डा पडतो. म्हणून रिसीव्हर वापरत असाल, तर सबवूफरवरचे हे बटण ‘एलएफई’वर किंवा शेवटच्या टोकाला ठेवावे. आमच्या त्या मुलाने सगळीच बटणे उजवीकडे फिरवल्यामुळे हे एक बटण योगायोगाने बरोबर लागले होते. मी मॅन्युअल वाचून ते ‘सुधारले’ आणि बिघडवले.

फेजचे बटण शून्यावर, आवाजाचे बटण मध्यावर आणि चालू-बंदचे बटण ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’वर. पुढचे काम इथून सुरू होते.

परातीतले पाणी

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि दुकानात तो कोणी सांगत नाही.

एका परातीत पाणी घ्या आणि ती हलकेच पुढेमागे ढकला. ढकलण्याची लय विशिष्ट वेगाशी जुळली, की पाणी जोरात हिंदकळू लागते. काठाशी ते उसळते, आणि परातीच्या बरोबर मधोमध पातळी जवळजवळ स्थिर राहते. बंद खोलीतली हवाही अशीच हिंदकळते. खोलीची लांबी ही तरंगलांबीच्या निम्मी असेल ती वारंवारता त्या दोन भिंतींमध्ये अडकते. भिंतीलगत ती दणदणते आणि खोलीच्या मध्यावर नाहीशी होते.

हिशेब सोपा आहे. आपल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. मुंबईतला नेहमीचा दहा बाय पंधराचा हॉल घेतला, तर पंधरा फुटांच्या दिशेने ३८ हर्ट्झच्या आसपास आणि दहा फुटांच्या दिशेने ५७ च्या आसपास हवा हिंदकळते. छत साडेनऊ फुटांवर असेल तर तिसऱ्या दिशेचा आकडा ६० च्या जवळ जातो, म्हणजे दोन दिशांची हिंदकळ जवळजवळ एकाच सुरावर येते. दहा बाय दहाच्या चौरस बेडरूममध्ये तर तिन्ही दिशा तिथेच गोळा होतात. त्यामुळे चित्रपटात कोणताही खालचा सूर वाजला, तरी खोली स्वतःचाच सूर लांबवत बसते. ‘घुमणे’ म्हणतात ते हेच. दुकानातल्या मोठ्या दालनात गोड वाजलेली पेटी घरी आणल्यावर बदलली, असे वाटते ते यामुळेच.

आता आपली बसायची जागा पाहा. जागेची टंचाई असल्यामुळे मुंबईत सोफा भिंतीला टेकलेला असतोच, म्हणजे आपण परातीच्या काठावर बसलेलो असतो. सबवूफर समोरच्या कोपऱ्यात असतो, म्हणजे तीन काठ जिथे मिळतात तिथे, आणि तिथून खोलीची प्रत्येक हिंदकळ सुरू होते. सोफा हलवता येत नसेल, तर पेटी हलवावी.

ती कुठे ठेवायची हे शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. दिसायला ती हास्यास्पद आहे, पण काम चोख करते. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्याच जागी ठेवायचा, सारखा वर-खाली फिरणारा खर्ज असलेले एखादे गाणे लावायचे, आणि पेटी जिथे जिथे ठेवता येईल त्या जागांवर गुडघ्यांवर रांगत जाऊन कान पेटीच्या उंचीला आणून ऐकायचे. जागांची अदलाबदल केली तरी ध्वनीचा त्या दोन बिंदूंमधला व्यवहार तोच राहतो, म्हणून जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात ती पेटीची जागा. टीव्हीच्या कोपऱ्यात मला एकच सूर फुगलेला आणि बाकीचे पुसट ऐकू आले. बाल्कनीच्या दाराशी दोन सूर पूर्ण गायब होते. लांब भिंतीच्या साधारण मध्यावर, चपलांच्या रॅकशेजारी मात्र प्रत्येक सूर वेगळा आणि सुटा ऐकू आला. लांबीच्या मधोमध ठेवलेली पेटी ३८ हर्ट्झची हिंदकळ सुरूच करू शकत नाही, हे नंतर आकडेमोड केल्यावर लक्षात आले. चपलांच्या रॅकजवळ इतकी महाग वस्तू ठेवायला घरातून विरोध झाला; तो वाजवून दाखवल्यावर मावळला.

याच वेळी खोलीतली खडखड शोधून घ्यावी. फोनवरून २० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावला, की प्रत्येक सैल वस्तू आपापल्या सुरावर बोलते. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची एक काच आणि शोकेसमधली पितळी समई बोलली. समईखाली जाड कापडाचा तुकडा आणि खिडकीच्या खाचेत रबराची पट्टी घातल्यावर, मी ज्याला सबवूफरचा दोष समजत होतो तो ‘फाटका’ आवाज गेला.

आवाज किती ठेवायचा?

रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. तो बसल्यावर कान असतात त्या उंचीवर, शक्यतो ट्रायपॉडवर ठेवून स्वयंचलित जुळवणी करायची असते. हातात धरू नये, सोफ्याच्या पाठीवर ठेवू नये. पंखा आणि एसी बंद करावा, आणि रस्ता शांत असेल अशी वेळ निवडावी, म्हणजे भल्या पहाटे. फक्त त्या वेळी चाचणीचे सूर शेजाऱ्यांनाही ऐकू जातात, हे ध्यानात घेऊन आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

यंत्राने जुळवले म्हणजे संपले, असे मात्र नाही. मेनूत जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात. यंत्राने स्पीकर ‘लार्ज’ ठरवले असतील तर ते ‘स्मॉल’ करावेत. सांधा ४० वर आला असेल तर ८० करावा. यंत्राने स्वतःहून ८० च्या वर नेला असेल, तर खाली आणू नये. आणि सबवूफरची ट्रिम, म्हणजे रिसीव्हरने दिलेली वजाबाकी, अगदी तळाच्या आकड्यावर, उदाहरणार्थ उणे १२ वर, अडकली असेल, तर पेटीवरचे बटण कमी करून जुळवणी पुन्हा करावी, कारण त्याहून जास्त वजा करायला यंत्राकडे जागाच उरलेली नसते.

हाताने मोजायचे असेल, तर रिसीव्हरचा चाचणी आवाज प्रत्येक स्पीकरवर ७५ डेसिबल यावा अशी रीत आहे, आणि सबवूफरही तितकाच. आवाज मोजणारा मीटर ‘सी’ मापावर, म्हणजे खालचे सूरही जवळजवळ पूर्ण मोजणाऱ्या मापावर, आणि ‘स्लो’वर असावा. फोनमधले ॲप इथे फसवते, कारण फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि खालचे सूर तो कमीच पकडतो. त्यावर विसंबून आवाज वाढवला, की गिरणी सुरू झालीच. एलएफई वाहिनीला इतरांपेक्षा दहा डेसिबल जास्त देण्याची पद्धत मानकात आहे, पण ते काम रिसीव्हर स्वतःच करतो; आपण पुन्हा दहा वाढवायचे नसतात.

यानंतर बहुतेकांना सबवूफर बंद पडल्यासारखा वाटतो. फुगलेल्या आवाजाची सवय झालेल्या कानाला सपाट आवाज फिका लागतो. आठवडाभर तसाच ठेवावा, आणि मग वाटल्यास दोन-तीन डेसिबल वाढवावेत. हा आवडीचा भाग आहे, त्यात चूक काही नाही.

फेज आणि खोटे वाटणारे अंतर

झोपाळ्याला दोघांनी समोरासमोरून एकाच वेळी ढकलले, तर तो जागेवरच थांबतो. सांध्याजवळ स्पीकर आणि सबवूफर एकत्र वाजतात तेव्हा एकाचा पडदा पुढे आणि दुसऱ्याचा मागे जात असेल, तर हवा अशीच थांबते आणि ८० च्या आसपासचा खर्ज विरतो. पारख सोपी आहे: ८० हर्ट्झचा सूर दोघांवर एकदम वाजवावा, कोणाला तरी फेजचे बटण ० वरून १८० वर करायला सांगावे, आणि सोफ्यावर जिथे आवाज मोठा येईल ती बाजू ठेवावी.

जुळवणीनंतर रिसीव्हर सबवूफरचे अंतर बरेचदा फाजील दाखवतो. आमच्या पेटीचे अंतर टेपने नऊ फूट भरते आणि यंत्र चौदा सांगते. ही चूक नाही. सबवूफरमधले इलेक्ट्रॉनिक्स आवाज बाहेर काढायला काही मिलिसेकंद उशीर करते, आणि एका मिलिसेकंदात आवाज एक फुटाहून थोडे जास्त अंतर कापत असल्यामुळे यंत्र तो उशीर फुटांत मोजून सांगते. तो आकडा ‘दुरुस्त’ करू नये.

“माझे ॲप तर ४५ डेसिबलच दाखवते”

शेजाऱ्यांशी वाद झाला की हे वाक्य येतेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि ती ‘ए’ मापावर आहे. हे माप माणसाच्या कानासारखे वागते, म्हणजे खालच्या सुरांना मोठी सूट देते; ५० हर्ट्झला ती सुमारे ३० डेसिबलची असते. म्हणजे ५० हर्ट्झचा सूर प्रत्यक्षात ७५ डेसिबलने वाजत असताना ‘ए’ मीटरवर ४५ दिसतात. आकडा नियमात बसतो, आणि काकूंच्या शोकेसमधल्या बशा तरीही वाजतात. तक्रार करणारा माणूस अशा वेळी खोटे बोलत नसतो.

भिंतीचे गणितही खर्जाच्या बाजूचे आहे. फ्लॅटमधली आतली भिंत बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी अडवते, पण सूर जितका खाली तितकी ती निरुपयोगी ठरते. अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर फोम चिकटवून काही साधत नाही. मऊ पदार्थाने ५० हर्ट्झ शोषायचा, तर त्याची जाडी पाव तरंगलांबीच्या, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास लागते. तेवढ्या जागेत मुंबईत माणूस राहतो. पेटीखाली रबर किंवा जाड फोमची बैठक घातल्याने लादीतून जाणारी थरथर काही प्रमाणात कमी होते, हवेतून जाणारा आवाज मात्र तसाच राहतो. त्यामुळे रात्री दहानंतर मोठे आवाज दाबणारा रिसीव्हरचा ‘नाइट मोड’ लावणे आणि सबवूफर सहा-आठ डेसिबल उतरवणे हाच खरा उपाय उरतो.

“मग आणखी मोठा सबवूफर घेऊ का?” असेही विचारले जाते. खोली तीच राहिली तर मोठी पेटी त्याच परातीतले पाणी जास्त जोराने हिंदकळवते. पैसे खर्चायचेच असतील, तर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन मध्यम पेट्या ठेवाव्यात. त्या एकमेकींची मुख्य हिंदकळ खोडतात, आणि सोफ्याच्या तिन्ही जागांवर जवळजवळ सारखे ऐकू येते.

काही न वाजवताही घूं येते तेव्हा

सतत येणारी बारीक घरघर बहुतेक वेळा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची असते. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि सबवूफर वेगवेगळ्या बोर्डांवर असले आणि त्यांचे अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जात असले, की त्यांच्यात एक चक्र तयार होते. केबलवाल्याची जाड वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहावी. घरघर थांबली तर वाट तिथूनच आहे. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घेतल्यानेही बरेचदा काम होते. तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये; घरघर जाईल, पण शॉक लागण्यापासूनचे संरक्षणही जाईल.

शेवटी सगळे आकडे एका कागदाच्या पट्टीवर लिहून रिसीव्हरच्या बाजूला चिकटवून ठेवावेत. मुलांनी मेनूशी खेळ केला किंवा यंत्र रीसेट झाले, की हे सगळे रांगणे पुन्हा करावे लागू नये. आमच्या पट्टीवर लिहिले आहे: सर्व स्मॉल, ८०, ट्रिम उणे ४, अंतर १४ (९ नव्हे), फेज ०, आणि खाली लाल शाईने, रात्री दहानंतर उणे १२.